झोप मोफत, उशीसकट

हिंगोलीकडच्या गोरेगावात माझं गाद्यांचं दुकान आहे आणि मी घोंगडीवर झोपतो.

हे दारिद्र्य नव्हे, औदार्याचं फळ आहे! झालं असं, की मोबाइलवर कोट घातलेला एक माणूस सांगत होता, "धंदा वाढवायचाय? आधी द्या!" चहावाला फार तर बिस्कीट देईल, किराणावाला गुळाचा खडा. मी काय देऊ? बाजारातल्या दमल्याभागल्या माणसांकडं पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. (कापूस पिंजताना ते रोजच भरतात, पण त्या दिवशी जरा जास्त.) मी पुठ्ठ्यावर लिहिलं : 'झोप मोफत. उशीसकट.'

माझ्या बायकोनं, सुमननं, पुठ्ठा वाचला. "फुकट झोपल्यावर गादी कोन इकत घेईल?"

"अंगाला सवय लागली की घेतील!"

"बरं. कुनालाबी झोपवा. पन ती लाल मखमलीची सोडून. गंगूची हाय ती."

गंगू म्हणजे सुमनच्या भावाची, किसनची लेक. दोन दिवसांनी तिचं लग्न होतं, नवरदेवाच्या गावी. आंदणाची ही गादी चार वाजता टेम्पोत चढवायची होती. खोळीवर सुमननं आठ दिवस बसून मोर भरला होता. "तिला काही झालं, तर म्या माहेरात तोंड दाखवनार न्हाई," असं बजावून ती घरी गेली.

पहिला आला एक मेंढरंवाला. 'जरा टेकतो' म्हणाला आणि असा घोरला, की शेजारच्या दुकानातल्या बरण्या वाजायला लागल्या! मग सेनगावच्या जीपची वाट पाहणारे आठ जण आले आणि आडवे झाले. जीप भरेना म्हणून ड्रायव्हर त्यांना उठवायला आला, 'उशी कशी हाय बघतो' म्हणाला, आणि उशीनंच त्याला बघून घेतलं! दोन वाजेपर्यंत दुकानात एकही गादी रिकामी राहिली नाही. एक सोडून.

तेवढ्यात एक फेटेवाले गृहस्थ आले. उंचेपुरे, घामाघूम, हातात लग्नाच्या बाजाराच्या पिशव्या.

"सेनगावची जीप कवा निघती?"

मी ड्रायव्हरकडं बोट दाखवलं. तो झोपेत मंद हसत होता. स्वप्नात बहुधा डिझेल फुकट मिळत होतं.

"मंग आमी कुठं पडावं?"

कोटवाला कानात कुजबुजला, द्या! मी मोरावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि लाल गादी देऊन टाकली!

मग दुपार पिंजलेल्या कापसासारखी हलकी होत गेली. कवडशात तंतू तरंगत होते. बाजाराचा गलका लांब लांब गेला. मी डोकं टेकलं आणि मीही तरंगलो. वर आभाळात मी ढग खोळीत भरत होतो, टाके घालत होतो आणि एकेका गावावर हळूच सोडत होतो. औंढ्याला एक, वसमतला दोन. सगळा हिंगोली जिल्हा झोपला होता. कयाधू नदीसुद्धा कूस बदलून वाहत होती. आणि एका ढगातून सुमनचा आवाज आला...

"अवो! काय करून राहिले तुमी?"

चार वाजले होते. सुमनशेजारी किसन उभा होता, लाल गादीकडं बघत थिजलेला.

"दाजी... हे तर आमचे व्याही!"

हे व्याही रुसण्यात जिल्ह्यात पहिले! साखरपुड्यात चहा कोमट निघाला म्हणून तीन तास चिंचेखाली पाठ करून बसले होते.

"उठवलं तर रुसतील," किसन कुजबुजला. "सुनंच्या आंदनावर निजवून माजं हसं केलं म्हनतील. लगीन मोडंल, दाजी!"

"मग उठवूच नका," मी म्हणालो. (नुकत्याच उठलेल्या माणसाला फार सुचतं.) "टेम्पो त्यांच्याच गावाला चाललाय ना? असेच चढवू!"

बाजाराच्या गर्दीमुळं टेम्पो वेशीपाशी उभा होता. मेंढरंवाल्याला हलवून जागं केलं. तो, किसन, सुमन आणि मी अशा चौघांनी चार कोपरे उचलले आणि निघालो. भाजीवाल्यांनी वाट दिली. एकानं टोपी काढली, दुसऱ्यानं हात जोडले. बाईमाणूस खांदा देतंय म्हटल्यावर तर बाजार आणखीच हळहळला!

"कोन गेलं वो?"

"कुनी न्हाई! गप बसा!" सुमन दात आवळून म्हणाली. तिच्या गालांवरून घाम ओघळत होता. लोकांना ते अश्रू वाटले. एका फुलवाल्या म्हातारीनं पुढं होऊन व्याह्यांच्या पायांवर झेंडू वाहिला आणि असा गळा काढला, की व्याही ताडकन उठून बसले!

म्हातारी टोपली टाकून पळाली.

"कोन गेलं?" व्याह्यांनी घाबरून विचारलं.

त्यांनी झेंडू पाहिला, सरकलेल्या धोतराखालचा मोर पाहिला, चार कोपऱ्यांवरची चार माणसं पाहिली.

"गादी कुनाची ही?"

"तुमच्या सुनंची," सुमन रडकुंडीला येऊन म्हणाली.

व्याही गंभीर झाले. किसननं डोळे मिटले. मग व्याही सावकाश पुन्हा आडवे झाले.

"इतक्या मानानं मला आजवर कुनी नेलं न्हाई. थांबले काहून? चला!"

किसनचा जीव भांड्यात पडला. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंड उघडलं आणि पुन्हा उदार झालो : "व्याहीबुवा, तुमालाबी अशीच एक, आपल्याकडून! आत्ताच न्या!"

सुमननं चिमटा काढला, पण उशिरा. दुकानातल्या सगळ्या गाद्या अजून घोरत होत्या; मेंढरंवाल्याची तर तो उठताच दुसऱ्यानं बळकावली होती. मोकळी अशी गावात एकच होती. आमच्या घरची.

पुठ्ठा सुमननं चुलीत घातला. घरासाठी नवी गादी भरायचं नाव काढलं, की ती घोंगडी पुढं सरकवते. "झोप मोफत हाय न्हवं? घ्या की मंग!"

आणि खरं सांगू? घोंगडीवर काय झकास झोप लागते! पण हे गिऱ्हाइकांना कळता कामा नये.