एकोणीस सेकंद

पेडण्यात लग्नाचे फोटो काढण्यात सगुणची तीस वर्षं गेली. एकदा कार्ड बिघडलं आणि कुणाच्या तरी बारशाचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून तो कॅमेऱ्यात दोन कार्डं घालायचा, एक नवं, एक जुनं. प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरायचा.

हळर्णला सेजलच्या लग्नात याच सावधपणाने घात केला. पाठवणीला बायका ओटी भरत होत्या, त्याने एका दमात वीस फोटो घेतले. तेवढ्यात तिचा बाप भिकाजी पुढे आला. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणारा हा माणूस फोटो म्हटला की तोंड फिरवायचा. त्याने सगळ्यांदेखत लेकीला पोटाशी धरलं. सगुणने बटण दाबलं. कॅमेरा ढिम्म. लाल दिवा पेटलेला. आधीचे फोटो अजून कार्डांवर उतरत होते. दिवा विझला तेव्हा सेजल गाडीकडे वळली होती.

दुसऱ्या दिवसापासून सगुण घड्याळ पुढ्यात ठेवून कार्डं तपासू लागला. वीस फोटो काढायचे आणि दिवा विझेपर्यंत सेकंद मोजायचे. नवं कार्ड एकटं, चार सेकंद. जुनं, एकोणीस. दोन्ही एकत्र घातली तरी एकोणीसच. नवं जुन्यासाठी खोळंबायचं. जुन्याच्या वेष्टनावर भला मोठा आकडा होता, पण तो कार्डावरून फोटो बाहेर काढण्याच्या वेगाचा. उतरवून घेण्याचा वेग कुठेच छापलेला नव्हता.

"कार्डांची शर्यत लायलास काय? पयलो कोण इलो?" बायको सुमंगला म्हणाली. तो हसला नाही.

चार महिन्यांनी भिकाजी छातीत कळ येऊन गेला. बारावं झाल्यावर सेजल सगुणच्या फोटोच्या दुकानात आली.

"काका, बाबांनी माका पोटाशी धरलेली, तो फोटो आसा मां?"

सगुणने काहीच लपवलं नाही. कार्डं, दिवा, एकोणीस सेकंद, सगळं सांगितलं.

"माका वाटलेला, बाबांनी बेगीन, धरल्या-धरल्या सोडल्यानी."

"नाय गे बाय. दिवो विझाक येयसर धरूनच होते."

तिने तेव्हाचे फोटो बघायला मागितले. संगणकावर एकात ओटी भरणाऱ्या बायका होत्या, पुढच्यात गाडीचं उघडं दार आणि तिची पाठ. सेजल स्वतःच्या बोटाने एकावरून दुसऱ्यावर जात राहिली, पुढे, मागे, परत पुढे. सगुणला तिला थांब म्हणवेना.