मामाच्या ट्रकची शेगडी

माझा मामा निवृत्त फिटर, आणि मामीच्या भाषेत ठार वेडा. लष्कराने मोडीत काढलेला एक जुना ट्रक त्याने अंगणात आणून ठेवला आहे. मामी त्याला सवत म्हणते. उन्हाळ्यात ही सवत बरी चालते. थंडी पडली की इंजिनातलं तेल थिजतं, हँडल मारून मारून मामाचे खांदे निखळायला येतात, आणि बाईसाहेब ढिम्म!

यंदा मामीने निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी सकाळी भंगारवाला येतोय. तो यायच्या आत सुरू झाला तर राहील, नाहीतर जाईल."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. पण गडी हार मानणाऱ्यातला नव्हे. बर्फाच्या मुलखात अशा ट्रकांना हीटर बसवायचे. पेट्रोलवर जळणारा पत्र्याचा डबा, त्यात पंखा आणि गरम हवेचे दोन जाड पाइप, एक इंजिनाखाली, दुसरा केबिनमध्ये. मामाने तसला एक गंजका हीटर कुठूनसा पैदा केला, घासूनपुसून जिवंत केला आणि शनिवारी संध्याकाळी बसवला. "आली बघा शेगडी," मामी म्हणाली.

रविवारी अंगणातल्या बादलीत पाण्यावर बर्फाची साय धरली होती. हीटर पहिल्या काडीला पेटला आणि मस्त घरघरू लागला. बराच वेळ थांबून मामाने हँडल मारलं. काही नाही. मग मी मारलं. माझी कंबर तेवढी हलली.

एवढ्यात शाल गुंडाळून मामी आली. "पुरे आता, छातीत कळ यायची. तुमची हत्यारं तरी काढून घेते," म्हणत ती केबिनमध्ये चढली, ती उतरेचना.

"काय गं, अडकलीस की काय?"

"नाही हो! इथे किती छान ऊब आहे!" तिने शालही काढून ठेवली होती.

मामाने कपाळावर हात मारला. काल आत बसून गरम हवा येते का ते बघताना त्याने दोन पाइपांमधली झडप केबिनकडे वळवली होती, ती तशीच राहिली. इंजिन बिचारं कुडकुडत होतं! त्याने घाईने झडप फिरवली, तोच फाटकात भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला.

मामा शब्दाचा पक्का. त्याने हँडल खाली ठेवलं.

"ठेवलंत कशाला?" आतून मामी म्हणाली. "आठ वर्षं या ट्रकच्या मागे आहात. एकदा तरी म्हणालात का, ये, बस म्हणून?"

मामा हळूच म्हणाला, "तुला आवडेल असं वाटलंच नाही गं."

"विचारायचं तरी! आता माझे पाय गारठायच्या आत मारा ते हँडल."

इंजिनाला जरा ऊब लागू देऊन मामाने हँडल मारलं. इंजिन खोकलं, शिंकलं आणि धडधडू लागलं. भंगारवाला जवळ येऊन ओरडला, "वहिनी, मग मी नेऊ काय?"

मामीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुमचा टेम्पो बाजूला न्या. आम्हाला बाहेर पडायचंय."