विमानाच्या नाकावरची हळद

शोकेसमधलं विमान मी मोडलं, असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी मोडलं नाही, खोललं. शेंद्र्याला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी उभी हयात गेली. तिथं खोलणं वेगळं आणि मोडणं वेगळं. रिटायर होऊन घरी बसलो तेव्हा हातांना काम नव्हतं आणि समोर ते विमान दिसायचं. तिरकं, एका चाकावर रेललेलं, खिडक्या धुरकट. ज्याने जन्मभर केसाएवढा फरक पकडला, त्याने रोज चहा पिताना हे बघायचं म्हणजे शिक्षाच.

विमान प्लास्टिकचं, दोन पंख्यांचं, जुन्या प्रवासी विमानासारखं. मी प्राथमिक शाळेत असताना दुबईला वेल्डर म्हणून गेलेल्या मामाने ते आणलं होतं. सुटे भाग जोडून करायचं विमान आमच्या गल्लीत तोवर कुणी पाहिलं नव्हतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, बसगाड्यांच्या वर्कशॉपात फिटर. फिटरला सूचना वाचाव्या लागत नाहीत, असा त्यांचा ठाम समज होता. सूचनांचा कागद त्यांनी गोंद सांडू नये म्हणून खाली अंथरला आणि आम्ही बापलेकांनी एका रविवारी विमान उभं केलं. गोंद इतका लावला की खिडक्या आंधळ्या झाल्या. एक चाक हरवलं, तर अण्णांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. वरून वर्कशॉपातला उरलेला चंदेरी रंग फासला. ब्रशचे केस त्यात अडकले ते अडकलेच.

आईला त्या विमानाची आठवण वर्षातून एकदाच यायची, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्या घरात जे जे फिरतं ते सगळं पुजलं जायचं. अण्णांचे पाने, सायकल, शिलाई मशीन, पुढे स्कूटर आणि मिक्सरसुद्धा. त्या रांगेत विमानही असायचं.

"ते उडत नाही, आई," मी एकदा म्हणालो.

"म्हणून काय झालं? वाहनच हाय नं ते?"

अण्णांनी विमान दोन्ही हातांत धरायचं आणि आईने त्याच्या नाकावर मधोमध हळदीकुंकू लावून वर अक्षता टेकवायच्या. ते पुसायचं नाही. दरवर्षीचं आदल्या वर्षीच्यावर चढत गेलं आणि नाकावर एक खडबडीत खपली तयार झाली. मला तो मळ वाटायचा.

आई गेल्या चैत्रात गेली. तेव्हापासून अण्णा बोलायचेच बंद झाले. रडलेही नाहीत. पाचोडहून नातेवाईक येत, अण्णा मान हलवत, चहा गार होऊ देत. दिवसभर शोकेससमोरच्या खुर्चीत बसून असत. मला काळजी वाटायला लागली होती. म्हटलं, हे विमान आपण दोघांनी केलेलं आहे, ते नव्यासारखं करून त्यांच्या हातात द्यावं. तेवढाच जिवाला विरंगुळा. असा माझा हिशेब होता.

गणपती उठल्यावर कामाला लागलो. आणि खरं सांगतो, मजा आली. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवरचं पारदर्शक प्लास्टिक कापून खिडक्या केल्या. इंजेक्शनच्या सुया कापून चाकांचे पाय केले. जुन्या फूटपट्टीतून पंख्याचं एक तुटकं पातं घासून काढलं. वैमानिकांच्या खुर्च्या आइस्क्रीमच्या चमच्यांतून कोरल्या आणि त्यांना शिवणीच्या दोऱ्याचे पट्टे लावले. मेणबत्तीवर प्लास्टिक तापवून ताणलं की केसासारखी तार निघते, तिची एरियल केली. बायको म्हणाली, एवढं लक्ष नळाच्या गळतीकडे दिलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णा एकदा काठी टेकत टेबलापाशी आले. "काय करायलास?"

"वैमानिकाची खोली."

"आत कोण वाकून बघणार हाय?"

"मी."

ते किंचित हसले. कित्येक महिन्यांनी हसले. मला वाटलं, जमतंय.

मग रंग काढायची वेळ आली. जुना रंग कॉस्टिक सोड्यात निघतो. टूलरूमचा नियम असा की नवी गोष्ट आधी एका नगावर करून बघायची. विमानाचं अंग उभ्या दोन फाकांचं असतं, डावी आणि उजवी. मी ब्लेडच्या पात्याने जोड उघडला, डावी फाक सोड्याच्या बादलीत टाकून रात्रभर बाथरूममध्ये ठेवली. सकाळी रंग सायीसारखा सुटून आला होता. पण बादलीतलं पाणी लालसर दिसत होतं. चंदेरी रंगातून लाल कुठून आला, म्हणून मी विचारात पडलो. मग आठवलं, हळदीत सोडा पडला की ती लाल होते. हे तर घराघरात माहीत असतं.

अण्णा तोंड धुवायला आले होते. त्यांनी बादलीत पाहिलं, मग माझ्या हातातल्या फाकेकडे.

"नाकावरचं कुठंय?"

"निघालं सगळं. बघा कसं लख्ख झालंय," मी म्हणालो. अगदी अभिमानाने म्हणालो.

"तिनं लावलेलं होतं रं ते."

एवढंच बोलून ते तोंड न धुताच परत गेले.

आईच्या साड्या तेराव्यानंतर तिच्या करमाडच्या बहिणींना आणि भाच्यांना वाटून झाल्या होत्या. गादी, चपला, चष्मा, सगळं रीतीप्रमाणे घरातून गेलं होतं. भिंतीवर फोटो होता, पण तो स्टुडिओतला, पावडर लावलेला. तिच्या बोटाचं काही उरलं असेल तर ते त्या नाकावर. अण्णा एवढे दिवस खुर्चीत बसून काय बघत होते ते मला तेव्हा कळलं, आणि त्यातलं अर्धं मी मोरीत ओतायला निघालो होतो. मला स्वतःचा इतका राग आला की ती बादली किती तरी वेळ माझ्याच्याने रिकामी करवेना.

अण्णा पुन्हा गप्प झाले. जेवायलाही वेगळे बसू लागले. उजवी फाक मी कापडात गुंडाळून ठेवली. तिच्यावर खपलीचा अर्धा भाग शाबूत होता, अक्षतेचे काही दाणेही होते.

मी माझ्या पद्धतीने उपाय शोधला. पिवळा आणि लाल रंग घेतला, त्यात लाकडाचा बारीक भुसा कालवला आणि डाव्या बाजूला हुबेहूब तशीच खपली घडवली. मी त्या विमानात जेवढं बारीक काम केलं त्यातलं हे सगळ्यात सरस होतं. अण्णांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ न्याहाळलं.

"झाक झालंय," ते म्हणाले. "पण हे तू केलंस."

मी ते खरवडून टाकलं. उजव्या बाजूला हात न लावता विमान जोडलं. डावी बाजू नव्याने रंगवलेली, कोरी चंदेरी, उजवीवर जुना रंग, ब्रशचे केस आणि अर्धी खपली. अर्धी दाढी करून न्हाव्याच्या खुर्चीतून उठलेल्या माणसासारखं ते दिसत होतं. तसंच शोकेसमध्ये ठेवलं.

खंडेनवमी आली. आईचं वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून घरात सण नव्हता. झेंडू आणला नाही, पुरण घातलं नाही. सकाळी अण्णा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. हातात हळदीकुंकवाची कोयरी होती.

बायको चपापली. "अण्णा, आत्याबाईंचं वर्ष व्हायचंय अजून."

"सण नाय करायचा. गोड नको, तोरण नको," अण्णा म्हणाले. "पण मशीनला कुठं दुखवटा असतोय?"

त्यांनी विमान काढून माझ्या हातात दिलं. "धर."

मी धरलं. त्यांनी हळदीत पाण्याचा थेंब टाकला, बोट पुढे केलं आणि थांबले. ते मागे घेतलं, दुसरं पुढे केलं, तेही मागे घेतलं.

"कोणत्या बोटानं लावायची रं ती?"

मी माझ्या हाताकडे बघायला लागलो. मला माहीत नव्हतं. जन्मल्यापासून बघत आलो होतो आणि मला माहीत नव्हतं. अण्णा तर दरवर्षी तिच्या पुढ्यातच उभे असायचे.

बायको जवळ आली आणि तिने त्यांचं बोट धरलं. "हे, करंगळीच्या शेजारचं. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला आत्याबाईंनीच शिकवलं मला."

अण्णांनी त्या बोटाकडे पाहिलं. "हातातनं पडंल म्हणून मी विमानाकडंच बघायचो," ते म्हणाले आणि रडायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

बायकोने बोट सोडलं नाही. आधी हळद लागली, मग कुंकू. मी विमान घट्ट धरून उभा होतो आणि डोळे त्या बोटावरून हलू देत नव्हतो.