हळद गाईला, चीक आम्हाला

३० जून १९९६. इनक्युबेटर पुसायचाय, अंड्यांचे ट्रे धुऊन वाळत घालायचेत. बाई आज निवृत्त झाल्या. आता प्रयोगशाळा माझ्याकडे.

चांगली बातमी ऐकली की बाईंच्या कपाळाला आठी पडे. प्रयोग फसला तर त्या निवांत चहा मागवत. साधला तर म्हणत, "एक बार और." आमचं शहर हिंदी मुलखातलं; घरात मराठी, पण हुकूम सोडायचा तो हिंदीत.

कॉलेजातली मुलं त्यांना चीकबाई म्हणत. ज्या चिकाचा आपण खरवस करतो, त्यातून बाई एक प्रथिन वेगळं काढत. ओठांवर फोड आणणारा विषाणू त्यानं अडतो का, हे कोंबडीच्या फलित अंड्यांत तपासत. विषाणू वाढला की कवचाखालच्या पडद्यावर पांढरे ठिपके उठतात. हाच विषाणू शिरून बाईंच्या धाकट्या भावाचा एक डोळा गेला होता आणि दुसराही अधूनमधून लाल व्हायचा. दर भाऊबीजेला तो विचारी, "ताई, निघालं का तुझं औषध?"

"आधी ओवाळू दे. हलू नकोस."

यंदा होळीच्या सुमारास प्रथिन घातलेल्या अंड्यांत एकही ठिपका उठला नाही. विभागप्रमुखांनी शहरातल्या टावर चौकातून पेढे आणवले. बाईंनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"कुसुम, इतकं स्वच्छ? चल, गाय बघून येऊ."

चीक देणारी गौराबाई नदीपलीकडे राहते. तिची दुसरी गाय नुकतीच व्याली होती. तिनं धार काढली आणि आमच्या बरणीत ओतण्याआधी चिकात चिमूटभर हळद टाकली.

"ये क्या किया?" मी ओरडलेच.

"पहला दूध घर से बाहर जाए तो हल्दी डालनी पड़े, बाईजी. गाय को नजर लग जाए तो?"

चीक मुळातच पिवळसर. आम्हाला हळद कधी दिसलीच नव्हती. बाई हसत सुटल्या. "गाय वाचली गं, बुडालो आपण!"

त्यांनी हळदीविना चीक मागून पाहिला. गौराबाईनं रिकामी बरणी हातात दिली. आसपासच्या गवळ्यांकडेही तेच.

प्रमुख म्हणाले, "हळदही औषधीच की. कोणाला कळणार आहे?"

"विषाणू हळदीनं अडला की दुधानं, हेच मला कळलेलं नाही. भावाच्या डोळ्यात काय घालू, सांगा."

बाईंनी तो सगळा निकाल रद्द केला. मग परीक्षा आल्या, उन्हाळ्यात फलित अंडी टिकेनात आणि जून संपला.

आज निरोपाच्या भाषणांत सगळे त्यांच्या साधेपणाबद्दल बोलले. त्या रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "गौराबाईची काळी गाय आज व्यायचीय." किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "एक बार और."

१ जुलै. सकाळी स्वयंपाकघरातला हळदीचा डबा उचलला आणि नदीपलीकडे गेले. काळी गाय रात्रीच व्याली होती. मी तिच्या कपाळाला हळद लावली, शिंगांना लावली, वासरालाही लावली.

"गौराबाई, नजर गाय को लगती है ना? दूध को तो नहीं?"

माझ्या हातातला डबा घेऊन गौराबाईनं शेपटीच्या बुडख्यालाही हळद फासली आणि धार काढायला बसली.

बरणी भरल्याबरोबर मी तिच्यावर झाकण घट्ट लावलं आणि वरून हात ठेवला. तो प्रयोगशाळा येईपर्यंत काढला नाही.