सासऱ्यांच्या स्कूटरवरून सुटलेलं विमान

ज्यांच्याकडे स्वतःचं जेट आहे, पण कटकट सोसायची सवय नाही, अशा गरजू लोकांची मी सेवा करते. या सेवेला ट्रिप सपोर्ट म्हणतात. शेटजींना परदेशी जायचं असलं की वाटेतल्या प्रत्येक देशाची हद्द ओलांडायची परवानगी काढायची, उतरायला जागा मिळवायची, इंधन, हॉटेल, मोटारी सगळं बघायचं. शेटजींनी फक्त बसायचं. तेही त्यांना कधी कधी जड जातं.

माझं माहेर उत्रोलीचं, सासर वेल्ह्याचं. लग्नानंतर आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझ्या नोकरीची चौकशी केली.

“म्हंजी इमान तू उडवतीस व्हय?”

“नाही आबा. परवानग्या काढून देते.”

“मंग एजंट म्हण की. आपल्या तहसीलच्या भाईर टेबल टाकून बसत्यात, तसं.”

इतकी नेमकी व्याख्या आमच्या कंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकातही नाही.

मी लागले तेव्हा मुंबईच्या ऑफिसात फॅक्सवर कारभार चालायचा. फॅक्स पाठवायचा, मग तो पोचला का हे विचारायला फोन करायचा, आणि पलीकडचा माणूस म्हणायचा की पोचला, पण नुसता काळा आलाय. अशा मागासलेल्या पद्धतीमुळे माणसांशी बोलावं लागायचं. त्यातूनच एका देशाच्या विमान खात्यातले, माझ्याहून वयानं मोठे एक अधिकारी ओळखीचे झाले. त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचा गुडघा कधी दुखतो हे मला ठाऊक होतं.

मग ईमेल आले आणि त्यामागून ॲप आलं. ॲपमध्ये प्रत्येक परवानगीसमोर हिरवी खूण उमटायची. माणसं चुका करतात, असं एका बैठकीत जाहीर झालं आणि निम्मी माणसं घरी गेली. उरलेल्यांना ऑफिसची गरज नाही, असाही शोध लागला. म्हणून मी वेल्ह्यात, मागच्या खोलीत, तांदळाच्या कणगीशेजारी बसून आंतरराष्ट्रीय सेवा देऊ लागले.

त्या दुपारी एका उद्योगपतींचं कुटुंब परदेशातल्या लग्नाला निघालं होतं. सोबत कुत्राही होता. सगळ्या खुणा हिरव्या होत्या. कुत्र्याच्या माशाच्या जेवणासमोरसुद्धा. तेवढ्यात वाटेतल्या एका देशानं आपलं आकाश अचानक बंद केलं. ॲपनं क्षणात दुसरी वाट काढली, शेजारच्या देशावरून, आणि त्याही परवानगीसमोर हिरवी खूण लावली. परवानगी कुणी मागितलीच नव्हती. पण ॲप आशावादी होतं.

मुंबईहून वैमानिकाचा फोन आला. “मॅडम, टॉवर म्हणतोय परवानगीचा नंबर सांगा. खूण चालत नाही. आणि साहेब तापलेत.”

मी बघते म्हणाले आणि लाईट गेली. आमच्याकडे लाईट गेली की थोड्या वेळात मोबाईलचा टॉवरही गपगार होतो. नवी वाट ज्या देशावरून जात होती, तिथेच ते गुडघेवाले अधिकारी होते. पण फोन लावायचा कुठून?

“आबा, स्कूटर काढता का? रेंज मिळेल तिथपर्यंत जायचंय.”

आबांनी टोपी घातली, किक मारली. नसरापूरच्या रस्त्याला एका चढावर रेंज आली. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून फोन लावला. नशिबानं तेच ड्युटीवर होते.

“कुठे होतीस इतकी वर्षं?” ते त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले. “आता सगळे ईमेल पाठवतात. गुडघ्याचं कोणी विचारत नाही.”

मी गुडघ्याचं विचारलं. मग कळलं की गुडघा बरा आहे, दुखणं जावयाचं आहे. जावई नोकरी सोडून सासऱ्यांच्या घरी येऊन बसला होता. तिकडे उद्योगपती धावपट्टीवर खोळंबले होते आणि इकडे मी जावयाचं पुराण ऐकत होते. मध्येच आबांनी विचारलं, “काय म्हनत्यात?” मी थोडक्यात सांगितलं.

“त्येला म्हनावं, सकाळचा चहा बंद करा. आपसूक उठून जातंय.”

“मागे कोण बोललं?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“माझे सासरे.” मी सल्ला जसाच्या तसा सांगितला.

पलीकडे इतका वेळ हसणं चाललं की फोन तुटतोय की काय, अशी मला धास्ती वाटली. मग त्यांनी विमानाचा तपशील विचारला, कुणाशी तरी त्यांच्या भाषेत बोलले आणि परवानगीचा नंबर दिला. मी तो वैमानिकाला कळवला आणि विमान सुटलं. मी लगेच उठून स्कूटरकडे निघाले. आबा म्हणाले, “बस जरा. मंग निगू.”

संध्याकाळी कंपनीचा ईमेल आला. ॲपनं संकटात स्वतःहून मार्ग शोधल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन होतं. खाली माझ्यासाठी एक ओळ होती: कुत्र्याचं जेवण गार होतं, खुलासा करावा.

पुढे आमच्या कंपनीच्या साहेबांना कुणीतरी खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी लगेच सुधारणा केली. अधिकाऱ्यांचा नंबर माझ्याकडून मागून घेतला आणि ॲपला जोडला, म्हणजे यंत्रच गोड आवाजात त्यांना फोन करणार. अधिकाऱ्यांनी एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं आणि कंपनीचा नंबर ब्लॉक करून टाकला. त्यांच्या देशावरून जाणारी आमची विमानं लांबचा वळसा घालू लागली. शेटजी लग्नांना उशिरा पोचू लागले, तेव्हा साहेबांनी स्वतः मला वेल्ह्याला फोन केला.

“तुम्ही त्यांच्याशी बोलाल का? म्हणजे, नेहमीसारखं?”

मी बोलले. आता ते काम कायमचं माझ्याकडे आलंय आणि त्याला कंपनीनं एक लांबलचक इंग्रजी नाव दिलंय. ते मला अजून पाठ झालेलं नाही. आठवड्यातून एकदा अधिकाऱ्यांना फोन करते, घरची खुशाली विचारते आणि शेवटी विमानाचं काढते. परवा त्यांनी सांगितलं की जावयाला नोकरी लागली, त्यांच्याच खात्यात, त्यांच्याच शेजारच्या टेबलावर.