भट्टीचे डाग

बाबांच्या रिटायरमेंटचा दिवस ठरला आणि मी नवी साडी घेतली. बाबांच्या स्टील प्लांटमध्ये त्या दिवशी माणसाला घरच्यांसकट स्टेजवर बोलावतात, हार घालतात, फोटो काढतात. आई गेलेली, धाकटी बहीण लांब सासरी. म्हणजे बाबांशेजारी मीच उभी राहणार होते. मला उभं राहायचंच होतं.

मला कोड आलं सहाव्या वर्षी, मानेच्या डाव्या बाजूला आणि डाव्या हातावर. दोनेक वर्षं पसरलं आणि थांबलं. तेव्हा बाबा रोज क्वार्टरच्या मागच्या अंगणात मला बावचीचं तेल लावून उन्हात बसवायचे. फोड यायचे. मी रडले की म्हणायचे, "मले काय हौस हाय का वं?" खात्याच्या पिकनिकला फक्त बहीण जायची. पुढे तिला बघायला पाहुणे येणार असले की माझ्या हातात डबा देऊन मला गावाच्या दुसऱ्या टोकाला, रिसालीला आत्याकडे धाडायचे. बैठकीतला माझा फोटोसुद्धा कपाटात जायचा. मी गुमान जायची. शहाणी पोर, म्हणायचे सगळे. डोंबलाची शहाणी!

बाबांना डाग आले ते सत्तावन्नाव्या वर्षी, दोन्ही हातांच्या बोटांवर, अगदी जोडीने. जन्म भट्टीवर गेलेला माणूस. त्यांनी सांगून टाकलं, ठिणग्या उडाल्या. भाजल्याच्या डागाला त्यांच्या खात्यात मान आहे, लोकांनी मानलं. बाबांनी स्वतःही मानलं असावं, कारण सहा महिने ते भाजल्याचं मलमच चोळत राहिले. शेवटी मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हेही कोडच आहे. मुलीचं एकाच बाजूचं आहे. लहानपणी बऱ्याचदा असं येतं आणि लवकर थांबतं. तुमचं दोन्हीकडचं आहे, ते वाढू शकतं."

खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. आता कळेल यांना, म्हटलं. मग माझीच मला लाज वाटली. मला बिनडागाची मान आठवतच नाही, मी याच कातडीत मोठी झाले. बाबांना मात्र आपले जुने हात पाठ होते. ताटावर बसायचे, घास उचलायचे आणि बोटांकडे बघून परत ठेवायचे. घरात कोणी गेलं असावं, तसं चाललं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी साडी नेसून बसले. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू नको येऊ."

"कावून?"

"लोकं अजून भट्टीचेच डाग समजून राहिले. तू बाजूले उभी राहिली का समजंल सगळ्याइले."

माझं डोकंच फिरलं. "समजू द्या ना मंग, बाबा! माझं त लहानपणापासून दिसून राहिलं. मेले का मी?"

"तुले सवय हाय वं," ते म्हणाले. "मले नाही."

ओट्यावर डबा होता, आत्यासाठी भरलेला. बाबांनी पहाटेच उठून भरला असणार. मी साडी बदलली नाही. तीच नेसून, डबा मांडीवर घेऊन रिसालीच्या ऑटोत बसले.