चाळीस घरांचे वाटे

माझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्या फक्त सांगत नाहीत. या दोन्हींतला फरक कळायला मला लग्नानंतरची वीस वर्षं आणि वर एक महामारी लागली.

आमचं शेत मौद्याच्या अलीकडे आहे. बांधावर उभं राहिलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. पहिल्या टाळेबंदीच्या वेळी बाजार मिटला आणि वांगी, टमाटर, पालक सगळं शेतातच पिकून सडायला लागलं. माझा नवरा दोन दिवस डोक्याला हात लावून बसला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच तोडगा काढला. ऐन उमेदीतली बरीच वर्षं त्या नागपूरच्या महाल भागातल्या बाजारात टोपली घेऊन बसल्या होत्या, त्यामुळे तिथल्या गल्ल्यांतली निम्मी घरं त्यांना तोंडपाठ होती. त्या घरांना फोन लावले, त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं आणि बघता बघता चाळीस घरं झाली. ठरलं ते असं: दर मंगळवारी एक थैली घरपोच येईल. शेतात जे निघेल ते सगळ्यांना सारखं. महिन्याचे पैसे आधी द्यायचे, आणि गारपीट झाली तर थैली हलकी येईल, तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही.

तोंडं मात्र पहिल्याच आठवड्यात वाकडी झाली. मी हौसेनं व्हॉट्सअॅपचा गट काढला होता, त्यावर थैल्यांचे फोटो यायला लागले. त्यांची लौकी मोठी, आमची कानी, किडकी कशी? त्यांना कोथिंबिरीच्या, म्हणजे सांभाराच्या, दोन जुड्या, आम्हाला एकच का? मी प्रत्येकाला उत्तरं देत बसले आणि माझा पारा चढत गेला. सासूबाई म्हणाल्या, "फोन ठेव वं. मटनासारखे हिस्से करू."

आमच्या गावात सणाला चार घरं मिळून बोकड घेतात. मटणाचे सारखे वाटे मांडतात आणि एक वडीलधारं माणूस त्यांच्याकडे पाठ करून बसतं. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरं माणूस नाव घेईल त्याचा तो वाटा. कुणाला काय गेलं ते सांगणाऱ्याला दिसतच नाही, मग भांडणार कुणाशी? तेव्हापासून दर मंगळवारी पहाटे आमच्या अंगणात ताडपत्रीवर भाजीचे चाळीस वाटे पडायचे. सासूबाई खाटेवर पाठ करून बसायच्या, माझा नवरा विचारायचा, आणि त्या सांगायच्या, "लाल दरवाजाचं घर." "दोन मांजरीवाली." "वकीलसाहेब." मी गटावर ही पद्धत कळवली आणि तक्रारी बंद झाल्या. आमची निम्मी घरं शुद्ध शाकाहारी आहेत. पद्धत कुठून आली ते मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

या चाळीस घरांत एक घर सासूबाईंचं खास होतं. त्यांच्याच वयाची एक विधवा बाई, कोष्ट्याच्या घरातली. घरातला माग कधीच मोडीत निघाला होता आणि मुलगा बुटीबोरीत कापडाच्या कारखान्यात कामाला होता, तिथेच राहायचा. या मावशी वरच्या मजल्यावर एकट्या. सासूबाई बाजारात बसायच्या तेव्हा दुपारचं पाणी त्यांच्याकडे प्यायच्या, एवढ्यावरून जुळलेली मैत्री. मावशींचे गुडघे गेलेले, म्हणून त्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या आणि थैली वर ओढून घ्यायच्या. सासूबाई टेम्पोबरोबर गेल्या की मात्र टोपलीचं काम नसे. त्या स्वतः थैली घेऊन जिना चढायच्या आणि माझा नवरा बाकीच्या गल्ल्या करून येईपर्यंत वर गप्पा मारत बसायच्या.

मग दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा आला. नागपुरात दवाखान्यांत खाटा मिळत नव्हत्या, आणि रोज कुणाचं ना कुणाचं वाईट कानावर यायचं. त्यातच एका मंगळवारी सासूबाई महालातून आल्या त्या गप्प गप्प. दुसऱ्या दिवसापासून ताट घेऊन बाहेरच्या पडवीत जेवायला लागल्या. भाजीच्या वाफ्यात येईनात, गुडघा दुखतो म्हणाल्या. मला वाटलं, रुसल्या. दोनच दिवसांपूर्वी चवळी कोवळी तोडली म्हणून आमची चकमक झाली होती आणि मी फटकन बोलून गेले होते. रुसल्या तर रुसल्या, मीही काही कमी नाही. मीही ताट पडवीच्या उंबऱ्यावर ठेवून निघून यायची.

पुढच्या मंगळवारी वाटे पडले. सासूबाईंनी खाट नेहमीच्या जागेवरून पार विहिरीजवळ नेऊन ठेवायला लावली आणि तिथून ओरडून एकेक घर सांगितलं. मधूनच खोकल्या. "धूळ गेली," म्हणाल्या. टेम्पो निघाला तेव्हा आपण येत नसल्याचं त्यांनी सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी अंग तापलं. दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला: तोच आजार.

नवरा पडवीच्या दारातून म्हणाला, "काहून वं माय, सांगितलं काहून नाही? आठ दिवस लपवून राहिली. भाजीपाशी बसली."

"पाठ होती माही भाजीकडं. तोंड विहिरीकडं होतं," त्या म्हणाल्या आणि कूस वळवली.

एवढ्या काळजीतही मला हसू फुटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. कारण डोक्यात हिशेब सुरू झाला होता. आठ दिवस त्या लपवत होत्या, म्हणजे आठ दिवसांपूर्वी बरं नव्हतंच. आणि आठ दिवसांपूर्वी त्या मावशींकडे तासभर बसून आल्या होत्या, दारं-खिडक्या लावलेल्या एवढ्याशा खोलीत. चाळीस थैल्यांचं भय होतंच, पण खरी भीती ती होती. सत्तरी ओलांडलेली, एकटी बाई. तिला काही झालं तर ते आमच्या घरून गेलेलं असणार होतं.

नवरा म्हणाला, गटावर काही लिहू नको. भाजीनं होत नाही म्हणतात, उगाच लोक घाबरतील, थैल्या बंद होतील आणि उभं पीक पुन्हा सडेल. त्याचं अगदीच चूक नव्हतं. पण त्या घरांतली लेकरं आमची काकडी न सोलता खातात, हे मला ठाऊक होतं. आम्ही भांडलो. मग मी सरळ लिहून टाकलं: आमच्या घरी आजार आला आहे, वाटे सांगणाऱ्या आजींनाच झाला आहे, थैली नको असेल त्यांनी निःसंकोच सांगावं, पैसे परत देऊ. लिहून फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. तो मेला टुणटुण वाजत राहिला. शेवटी पिठाच्या हातानंच उचलला.

तीन घरांनी थैली थांबवली. बाकीच्यांनी आजी कशा आहेत एवढंच विचारलं होतं. दोन मांजरींच्या घरातली बाई डॉक्टर आहे, हे मला तेव्हा कळलं. तिने त्याच क्षणी फोन केला, औषधं सांगितली, ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं यंत्र दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आणून दिलं आणि मग दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा विचारत राहिली. वकीलसाहेबांनी लिहिलं होतं, थैली नेहमीप्रमाणे पाठवा, मात्र दुधी पुरे. हे वाचून मला इतकं हलकं वाटलं की पोळी तव्यावर करपली.

मावशींना मी वेगळा फोन केला. त्यांचा आवाज खोल गेलेला होता. "बरी आहो मी. तुही सासू कशी आहे?" एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. त्या आवाजानं माझी झोप उडाली.

सासूबाईंचा आकडा ब्याण्णवपर्यंत उतरला. डॉक्टरीण म्हणाली, पालथं झोपवा, घाबरू नका, पण गाडी तयार ठेवा. नवऱ्याने टेम्पोत गादी टाकून ठेवली. मी मास्क बांधून पाणी द्यायला जायची तेव्हा सासूबाई पालथ्या पडूनच एक प्रश्न विचारायच्या. "तिची टोपली खाली आली का?" मंगळवार असो नसो, प्रश्न तोच. मला वाटायचं, मनाला खातंय त्यांना. मी सांगायची, "आली, आई. तुम्ही पडून राहा."

त्यांच्या आजारपणातल्या मंगळवारी खाटेवर मी बसले. नवऱ्याने विचारलं, "हा कोनाचा?" आणि मला एकही घर आठवेना. पाठीमागे भाजी, समोर नुसती विहीर. मग एकेक दार डोळ्यासमोर आणायला लागले, जिना, ओटा, खिडकी. सासूबाईंना चाळीस घरं पाठ कशी, याचं मला आधी कौतुक नव्हतं, त्या दिवशी वाटलं.

त्या मंगळवारी मावशींच्या खिडकीतून टोपली आली नाही. नवऱ्याने खालून हाका मारल्या. वर दार लावलेलं, आणि कुणाच्या घरात शिरायचे ते दिवस नव्हते. त्याने मला फोन केला. मी फोन कानाला लावून अंगणात उभी होते, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून थेट विहिरीपलीकडे गेले. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो म्हणाला, "आली. दोरी खाली आली." थैली टोपलीत ठेवली, ती वर निघाली, मधेच थांबली, पुन्हा निघाली. वर खिडकीत एक हात दिसल्याचं त्याने सांगितलं. मी तिथेच विहिरीच्या काठावर बसले.

त्यानंतर चारेक दिवसांनी सासूबाईंचा आकडा शहाण्णव झाला. तेव्हासुद्धा माझा विश्वास बसला नाही. बसला तो दुसऱ्या दिवशी, जेव्हा त्यांनी पडवीतून मला हाक मारून सांभार मुळासकट कसा उपटायचा यावर भाषण दिलं. मी "हो आई, हो आई" करत मागच्या गोठ्यात गेले आणि मनसोक्त रडले. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आमच्या थैलीमुळे कुणाला काही झालं नाही. थांबलेल्या तीन घरांपैकी दोन परत आली, आणि तिसऱ्यांनी नाशिकला बदली झाल्याचं कळवलं.

महिन्याभराने मी स्वतः टेम्पोबरोबर महालात गेले. मावशी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. मी खालच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "मावशी, माफ करा. आमच्या आईंमुळे तुम्हाले त्रास झाला."

त्या रडायलाच लागल्या. "नाही वं बाई. मलेच होतं पहिले. तुही सासू आली त्याच्या चार दिवस आधीपासून ताप होता. कोनाले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही थैली बंद केली असती, अन् पोरगा तिकडं अडकलेला. मीच दिलं तिले."

परतताना टेम्पोत मी हसत होते की चिडले होते, मलाच कळेना. चिडले होतेच. आमच्या माणसाचा जीव टांगणीला लागला तो हिच्या गप्प बसण्यामुळे. पण त्याहून मोठा दगड छातीवरून उतरला होता. सासूबाईंच्या हातून काही घडलं नव्हतं, आणि हे त्यांना सांगायची मला भलतीच घाई झाली होती.

सासूबाई पडवीत चवळीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी चपलाही न काढता सगळं सांगितलं. "तुमच्यामुळं नाही झालं, आई. तिलेच होतं आधी. तिनं लपवलं."

मला वाटलं, त्या सुस्कारा टाकतील, निदान मैत्रिणीच्या नावानं चार शिव्या तरी घालतील. त्या शेंगा मोडत राहिल्या. "मले माहीत आहे," म्हणाल्या. "जिन्यावरच ऐकू आलं होतं. खोकलून राहिली होती."

"मग वर काहून गेल्या?"

"चार दिवसांपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. कोनी बोललं नव्हतं तिच्याशी. पेज करून पाजली, जरा बसली." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "घरी येऊन मंग दूर राहिली मी तुमच्यापासून, पडवीत. तुले वाटलं, रुसली."

मी खाली बसले.

"तुम्हाले विचारलं असतं तर जाऊ दिलं असतं का मले?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या.

मी त्या खोलीचा विचार केला, ब्याण्णवचा विचार केला, टेम्पोत टाकलेल्या गादीचा केला. "नसतं दिलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि निम्म्या शेंगा माझ्या पुढ्यात ओतल्या. आम्ही दोघी मोडत बसलो. मला राग यायला हवा होता. पण त्यांनी मला विचारलं नाही, याचंच मला फार बरं वाटत होतं.